रजा संपली की पंधरा दिवसांत पुन्हा तीच मरगळ, नेमकं चुकतं कुठे?

टेबल_बारा (धागाकर्ता)

विनंत्या तपासून निकाली काढणाऱ्या एका विभागाच्या नियोजनासाठी जाणकारांचा सल्ला हवा आहे. आकडे आधीच देतो, म्हणजे उत्तरं मोघम राहणार नाहीत.

माणसं १२. वर्षात कामाचे दिवस २५०. रोज साधारण ४८० विनंत्या येतात, म्हणजे माणशी ४०. जोर लावला तर एक माणूस ४६ पर्यंत जातो, त्यापुढे चुका वाढतात. पगारी रजा माणशी २४ दिवस, प्रत्यक्षात घेतली जाते त्याच्या निम्मी. आजारपणात माणशी ६ दिवस जातात.

त्रास तीन आहेत. दहा दिवसांची रजा घेऊन आलेला माणूस दोन-तीन आठवड्यांत पुन्हा पहिल्यासारखा थकलेला दिसतो. शेजारच्या विभागात नोकरकपात झाल्यापासून लोक उशिरापर्यंत बसतात, निकाली विनंत्यांचा आकडाही थोडा वर गेलाय, पण स्वतःहून चूक सांगणं आणि सुधारणा सुचवणं जवळपास बंद पडलंय. आणि वर्षभराहून जास्त काळ बेकार राहिलेले दोघं नव्याने रुजू झालेत. त्यांना काम येतं, पण दिवस आखून घेणं जड जातं आणि रजेचं तर ते नावच काढत नाहीत.

वरिष्ठांचं म्हणणं, बोनस वाढवा, हुरूप येईल. तो कितपत येईल? आणि आधी कशाला हात घालावा?

मनुष्यबळ_गणित

बोनसचं नंतर बघू. आधी तुमच्याच आकड्यांचा हिशेब मांडा, पहिल्या त्रासाचं अर्धं उत्तर तिथेच सापडतं.

हक्काची सगळी रजा घेतली गेली तर १२ × २४ = २८८ दिवस. आजारपणाचे १२ × ६ = ७२. एकूण ३६०. भागिले २५० केलं की कुठल्याही दिवशी सरासरी १.४४ माणूस जागेवर नाही, हजर १०.५६. आता ४८० विनंत्या १०.५६ जणांत वाटा. माणशी साडेपंचेचाळीस. तुम्हीच लिहिलंय की ४६ च्या पुढे चुका वाढतात. म्हणजे सगळ्यांनी हक्काची रजा घ्यायची ठरवली तर सगळ्यांना वर्षभर, रोजच्या रोज, ताकदीच्या टोकाला काम करावं लागेल.

निम्मीच रजा धरली तर १४४ आणि ७२ मिळून २१६ दिवस, गैरहजर ०.८६, हजर ११.१४, माणशी ४३. हे कसंबसं झेपतं. तुमच्याकडे रजा का साठते ते इथे दिसतं. न घेतलेल्या रजेतून माणसं विभागाची तूट भरून काढतायत. आपण रजा मागितली की शेजारच्याच्या डोक्यावर बोजा पडतो, हे आकडेमोड न करताही प्रत्येकाला कळतं, आणि मग अर्ज टाकताना हात आखडतो. ‘रजा वेळेत संपवा’ असे कितीही मेल पाठवले तरी हा संकोच जात नाही.

माणसं मोजताना हजेरीचं प्रमाण धरूनच मोजायला हवीत. एक माणूस २५० पैकी २२० दिवस हजर, म्हणजे ०.८८. माणशी ४० च्या गतीने ४८० विनंत्यांना रोज १२ जण हजर हवेत, आणि १२ भागिले ०.८८ म्हणजे १३.६. पटावर दीड माणूस कमी आहे. तो मिळणार नसेल तर आवक ४२२ पर्यंत, म्हणजे रोज ५८ ने उतरवायला हवी. त्यासाठी महिनाभराच्या विनंत्यांमधून परत परत येणाऱ्या वेगळ्या काढा: अर्धवट भरलेला अर्ज, न जोडलेलं कागदपत्र, एकाच प्रकरणाची तीनदा चौकशी. आवक कमी करायची पहिली जागा तीच.

आता रजेवरून परतणाऱ्या माणसाचं बघा. तो १० दिवस नव्हता, त्याच्या वाट्याच्या ४०० विनंत्या. बाकीच्यांनी त्यातल्या ६० टक्के, म्हणजे २४० उरकल्या असं धरू. १६० त्याच्या नावावर पडून. परत आल्यावर रोजच्या नव्या ४० आहेतच आणि त्याची कमाल ४६. मागचं फेडायला दिवसाला जागा फक्त सहाची. १६० भागिले ६, सुमारे २७ कामाचे दिवस. दहा दिवसांच्या रजेपायी पाच आठवड्यांहून जास्त काळ तो टोकाला काम करतोय. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात थकलेला दिसणारच.

हेच काम ६० ऐवजी ९० टक्के सांभाळलं तर? रोज ३६ विनंत्या ११ जणांत, माणशी ३.३. साठ टक्क्यांना ते माणशी २.२ करतच होते. फरक पडला माणशी दिवसाला एका विनंतीचा, आणि परतणाऱ्याच्या नावावर १६० ऐवजी ४० उरल्या. शिवाय पहिले दोन दिवस त्याला नव्या ४० ऐवजी २० च द्या. रोज २६ ची जागा मिळते, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याचं टेबल मोकळं.

एक अडचण लक्षात ठेवा. दोघं एकाच वेळी मोठ्या रजेवर गेले की हे कोलमडतं: ७२ विनंत्या १० जणांत म्हणजे माणशी ७.२, आणि जागा सहाचीच आहे. म्हणून दहा-दहा दिवसांच्या रजा एकमेकींवर येऊ देऊ नका. बारा जणांचे मिळून १२० दिवस होतात, २५० दिवसांत सहज बसतात. सहा महिने आधी तक्ता लावा आणि पसंतीचा क्रम दर वर्षी फिरता ठेवा. नाहीतर चांगले दिवस दर वर्षी त्याच दोघा-तिघांना मिळतात आणि त्यातून वेगळीच धुसफूस सुरू होते.

रजेचा_अभ्यास

वरच्या गणिताला +१. संशोधनही याच दिशेला बोट दाखवतं. मीना वेस्टमन आणि डोव्ह ईडन यांनी कारकुनी काम करणाऱ्यांचा थकवा रजेआधी, रजेत आणि रजेनंतर मोजला होता, तो शोधनिबंध १९९७ चा. रजेत उतरलेला थकवा तीन आठवड्यांत मूळ पातळीला येऊन ठेपला. नेदरलँड्समध्ये जेसिका द ब्लूम आणि सहकाऱ्यांनी लांब रजा घेतलेल्या ५४ जणांचा मागोवा घेतला (२०१३). सरासरी रजा २३ दिवसांची. तब्येत आणि मनःस्थिती आठव्या दिवसाच्या सुमारास सगळ्यात वर गेली आणि कामावर परतल्यावर पहिल्या आठवड्यातच पूर्वपदावर आली.

त्यामुळे वर्षाची सगळी रजा एकत्र घेऊन ‘बॅटरी चार्ज’ करण्याची कल्पना फारशी टिकत नाही. एक सलग तुकडा असा हवा की आठवा दिवस त्यात येईल, म्हणजे शनिवार-रविवार धरून किमान दहा दिवस. उरलेली रजा दोन-तीन दिवसांच्या तुकड्यांत वर्षभर पसरावी. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९७० चा १३२ क्रमांकाचा करारही याच धर्तीवर आहे: वर्षाला किमान तीन कामाचे आठवडे पगारी रजा, आणि वेगळं काही ठरलं नसेल तर त्यातला एक भाग सलग दोन आठवड्यांचा. पैसे घेऊन ही किमान रजा सोडून देण्याला त्यात मान्यता नाही. ज्या देशांनी करार स्वीकारलाय त्यांच्यावरच तो बंधनकारक आहे, पण नियम आखताना नमुना म्हणून उपयोगी पडतो. रजा विकण्याची सोय असेल तर ती या किमान भागाच्या वरच्या दिवसांपुरतीच ठेवा. थकलेला माणूस आधी नेमके तेच दिवस विकतो ज्यांची त्याला गरज असते.

दुसरा मुद्दा दिवसांच्या संख्येपेक्षा मोठा आहे. साबिने सोनेनटाग आणि शार्लोटे फ्रिट्झ यांनी २००७ मध्ये मोकळ्या वेळेत माणूस कशाने सावरतो याचे चार भाग मांडले: कामापासून मन सुटणं, निवांतपणा, नवीन काही जमवल्याचं समाधान, आणि आपल्या वेळेवर आपला ताबा. पहिला आणि चौथा भाग कार्यालयाच्या हातात आहे. रजेवरच्या माणसाला एक फोन आला की दोन्ही एकदम जातात. फोन दोनच मिनिटांचा असतो, पण पुढचा फोन कधी येईल याकडे दिवसभर कान लागून राहतो.

अर्धवट राहिलेलं काम डोक्यात घोळतं ते कसं थांबवायचं, यावर मासिकाम्पो आणि बाउमायस्टर यांचे २०११ चे प्रयोग फार कामाचे आहेत. काम पूर्ण करणं गरजेचं नाही, ते कधी आणि कसं होणार याचा ठोस आराखडा लिहिला तरी मनातली टोचणी ओसरते. कामाचं हस्तांतर करताना हेच वापरा. रजेच्या पाच कामाचे दिवस आधीपासून लांब चालणारं प्रकरण त्या माणसाला देऊ नका. शेवटच्या दिवशी दुपारनंतर नवीन विनंती शून्य. त्या अर्ध्या दिवसात एक पान भरायचं, प्रत्येक अडकलेल्या कामाला एक ओळ: काय आहे, आत्ता कुठे अडलंय, पुढची पायरी कोणती, कुणाकडे दिलं, कोणत्या तारखेला बघायचं. ‘चालू आहे’ हा शब्द त्या पानावर चालवून घेऊ नका. ‘ग्राहकाच्या सहीची वाट, सही आली की मंजुरीला पाठवणे, अमुक व्यक्तीकडे, १४ तारीख’ असं लिहिलेलं हवं. ज्याच्याकडे काम जातंय त्याने पान समोर बसून वाचायचं, दहा मिनिटं पुरतात. प्रश्न तेव्हाच विचारले गेले की नंतर फोनची वेळ येत नाही.

एवढं करूनही बिघडतं ते बहुतेक अधिकाराच्या गाठीमुळे. मंजुरीचा अधिकार किंवा एखाद्या प्रणालीचं लॉगिन एकाच माणसाकडे असतं, आणि ते कळतं तो रजेवर गेल्याच्या तिसऱ्या दिवशी. प्रत्येक अधिकाराला पर्यायी नाव हवं, आणि त्या पर्यायी माणसाने महिन्यातून एकदा तरी ते काम प्रत्यक्ष केलेलं हवं.

मेलच्या ढिगाऱ्यावर डाइमलर या जर्मन वाहन कंपनीने २०१४ च्या सुमारास धीट उपाय आणला होता: रजेवरच्या कर्मचाऱ्याला आलेला मेल आपोआप पुसला जायचा आणि पाठवणाऱ्याला दुसरा संपर्क कळवला जायचा. ही सोय घ्यायची की नाही ते कर्मचाऱ्याने ठरवायचं होतं. इतकं नको असेल तर निदान ‘मी अमुक तारखेनंतर आलेलेच मेल वाचेन, तातडीचं असल्यास अमुक व्यक्ती’ असं स्वयंउत्तर ठेवू द्या, आणि ते पाळण्याची मुभाही द्या. परतायचा दिवस बुधवार किंवा गुरुवार ठेवला तर पहिला आठवडा आपसूक छोटा होतो.

अर्थशास्त्र_वाचक

एक वेगळी बाजू मांडतो. भीतीने काम वाढत नाही असं सरसकट म्हणता येणार नाही. कार्ल शापिरो आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांनी १९८४ मध्ये याचं प्रारूप मांडलं: बाहेर बेकारी असली की नोकरी जाण्याची किंमत वाढते, म्हणून कामचुकारपणा घटतो. धागाकर्त्यांकडे कपातीनंतर निकाली विनंत्यांचा आकडा वर गेला, तो या तर्काला धरूनच आहे. वरिष्ठांना ‘चाललंय ते ठीक आहे’ असं वाटत असेल तर त्यालाही आधार आहे. तेव्हा उत्तर देताना हा आकडा झाकून चालणार नाही.

कपातीनंतरचं_काम

प्रारूप बरोबर सांगितलंत, पण त्यातली अट महत्त्वाची आहे. कामचुकारपणा पकडला जाण्याची काहीएक शक्यता असते, असं ते गृहीत धरतं. विनंत्या मोजता येतात, म्हणून तिथे भीती लागू पडते. चूक स्वतःहून सांगितली की लपवली, हे तपासणीत दिसत नाही. तिथे भीती उलटी चालते, कारण चूक सांगणारा माणूस स्वतःच्या हाताने स्वतःचं नाव कपातीच्या यादीत वर नेत असतो. एकाच विभागात आकडा वाढणं आणि सूचना आटणं, दोन्ही एकाच कारणाने होतंय.

त्याच १९८४ मध्ये लेनर्ड ग्रीनहाल्ग आणि झेहावा रोझेनब्लॅट यांनी नोकरीच्या असुरक्षिततेची फोड केली. धोका किती मोठा वाटतो, आणि त्यापुढे आपण किती हतबल आहोत असं वाटतं, या दोन्हींचा गुणाकार. धोका कमी करणं विभागप्रमुखाच्या हातात नसतं. हतबलता कमी करणं बरंचसं असतं. जोएल ब्रॉकनर यांनी कपातीतून वाचलेल्यांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. मागे राहिलेली माणसं गेलेल्यांना कसं वागवलं गेलं त्यावरून आपला अंदाज बांधतात: निकष काय होता, आधी सांगितलं का, निरोप कुणी दिला.

या विभागात काय करता येईल ते सांगतो. दर आठवड्याला ठरलेल्या वेळी १५ मिनिटं, बातमी नसली तरी. ‘नवीन काही नाही, पुढचा निर्णय अमुक तारखेला’ एवढं वाक्यही चालतं, कारण त्याने अफवेची जागा भरते. ‘आपल्याकडे कपात होणार नाही’ असं वचन मात्र देऊ नका. ते पाळणं तुमच्या हातात नाही, आणि एकदा मोडलं की पुढचं खरंही कुणी खरं मानत नाही. घेतलेली रजा आणि आजारपण हे कपातीच्या निकषात धरलं जात नाही, हे लेखी मिळवा आणि वाचून दाखवा. ज्यांना याची खात्री नाही ते रजा मागणारच नाहीत, वरचं सगळं गणित कितीही नीट बसवलं तरी.

चुकांची नोंद मूल्यमापनापासून तोडा. नोंदीत नाव नको. काय झालं, कोणत्या पायरीला, कसं लक्षात आलं, एवढंच. आणि दर आठवड्याला त्यातली एक तरी नोंद घेऊन अर्जातला रकाना बदला, सूचना-फलक दुरुस्त करा, काहीतरी हललेलं दिसू द्या. नोंदवूनही काही हलत नाही असं दोन महिने दिसलं की वही बंद पडते.

वरिष्ठांना दाखवायला दोन आकडे शेजारी ठेवा: निकाली विनंत्या, आणि निकाली काढल्यावर १४ दिवसांत पुन्हा उघडलेल्या विनंत्या. पहिला जितक्या विनंत्यांनी वाढला तितक्याच विनंत्यांनी दुसराही वाढला, तर घाईघाईत बंद केलेलं काम परत आलंय, हाती काही लागलेलं नाही.

अर्थशास्त्र_वाचक

पुन्हा उघडलेल्या विनंत्यांचा मुद्दा मान्य. प्रारूपाची मर्यादा तिथेच आहे हेही मान्य.

दिवसाची_आखणी

तिसऱ्या त्रासाबद्दल कुणी लिहिलं नाही, आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण या दोघांना ‘आळस अंगात भिनलाय’ असं फार पटकन म्हटलं जातं.

ऑस्ट्रियातल्या मारिएनथाल या गावात कापड कारखाना बंद पडल्यावर जवळजवळ सगळं गाव बेकार झालं. मारी याहोडा, पाउल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल यांनी तिथे केलेला अभ्यास १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. लोकांकडे आता वेळच वेळ होता, तरी ग्रंथालयातून नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या दोन वर्षांत जवळपास निम्म्यावर आली, तीही वाचनाची फी काढून टाकली असताना. रस्त्यावरून जाणाऱ्या पुरुषांची चाल मंदावली, चालता चालता ते पुन्हा पुन्हा थांबत. बहुतेकांनी घड्याळ वापरणं सोडून दिलं होतं. बायकांची चाल मात्र भरभर होती, घरचं काम त्यांच्या दिवसाला अजून आकार देत होतं.

याहोडा यांनी पुढे यावरूनच मांडलं की नोकरी पगाराखेरीज आणखी पाच गोष्टी देते: दिवसाची आखणी, घराबाहेरच्या माणसांशी संबंध, एकत्र मिळून काही साधण्याची जाणीव, समाजातलं स्थान, आणि नियमित हालचाल. बेकारीत पाचही एकदम जातात. रजेत आणि बेकारीत फरक असा की रजेचा शेवट ठरलेला असतो आणि परतायची जागा आपली असते. म्हणून दोन आठवड्यांचा रिकामा वेळ माणसाला सावरतो आणि दोन वर्षांचा रिकामा वेळ पोखरतो. जर्मनीतल्या १५ वर्षांच्या माहितीवर रिचर्ड लुकास आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवलं की पुन्हा नोकरी लागल्यावरही जीवनाबद्दलचं समाधान सरासरीने पूर्वीच्या पातळीला पूर्ण पोचत नाही. रुजू झाल्याबरोबर सगळं सुरळीत व्हावं ही अपेक्षाच चुकीची आहे.

पहिल्या सहा आठवड्यांसाठी असं करा. पहिले दोन आठवडे दिवस आखून तयार द्या, चार भागांत: सकाळी एकाच प्रकारच्या १० विनंत्या, मग सोबतच्या माणसाबरोबर १५ मिनिटं तपासणी, दुपारी १० विनंत्या, शेवटी उद्याच्या कामाची यादी. माणशी ४० चा आकडा या दिवसांत लावू नका. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात भाग तेच ठेवा, पण क्रम त्यांना ठरवू द्या. पाचव्यापासून पूर्ण दिवस त्यांच्या हातात. आखणी आयती देऊन कायम तशीच ठेवली तर माणूस तिच्यावर टेकून राहतो, आणि पहिल्याच दिवशी सगळं मोकळं सोडलं तर गांगरतो. सोबतीला नेमलेला माणूस एकच असावा, आणि त्याच्या विनंत्या तेवढ्या काळापुरत्या चार-पाचने कमी कराव्यात. हे विसरलं की सोबती चिडचिडा होतो आणि नवा माणूस विचारणं बंद करतो.

मिशिगन विद्यापीठात बेरोजगारांसाठी जो प्रशिक्षण कार्यक्रम विकसित झाला (त्याचे पहिले निष्कर्ष १९८९ मध्ये आले), त्यात नोकरी शोधायच्या कौशल्याइतकाच भर अपयशाच्या पूर्वतयारीवर होता. कुठे नकार येईल, तेव्हा काय करायचं, हे आधीच बोलून ठेवायचं. तेच इथे वापरता येतं. ‘पहिल्या महिन्यात या तीन ठिकाणी हमखास चूक होते, झाली की असं दुरुस्त करतात’ हे पहिल्याच दिवशी सांगा. दीर्घ बेकारीनंतर आलेला माणूस छोट्या चुकीलाही नोकरी जाण्याची सुरुवात समजतो.

आणि रजा. ती त्यांनी मागायची वाट बघू नका. तिसऱ्या महिन्यात दोन दिवस रजा तक्त्यात तुम्हीच घाला, बारा जणांना आहे तशीच, उपकाराचा सूर न लावता. सुटीवरून परत आल्यावर टेबल जागेवर आहे, हे एकदा प्रत्यक्ष दिसावं लागतं. मधल्या रिकाम्या काळाची चौकशी चहाच्या गप्पांतसुद्धा टाळा.

कामाची_रचना

आता बोनस. रिचर्ड हॅकमन आणि ग्रेग ओल्डहॅम यांनी १९७५-७६ मध्ये कामातल्या प्रेरणेचं एक सूत्र दिलं. कामातली विविधता, काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत आपलं असणं आणि त्याचं महत्त्व, या तिघांची सरासरी. तिला स्वायत्ततेने गुणा, मग कामाचा परिणाम कळण्याने गुणा. प्रत्येकाला १ ते ७ गुण.

समजा या विभागात विविधता ५, सलगपणा ३, महत्त्व ६. सरासरी ४.६७. स्वायत्तता २ आणि परिणाम कळणं ३. गुणाकार २८, आणि कमाल असते ३४३. विविधता ५ ची ७ केली तर २८ चे ३२ होतात. स्वायत्तता २ ची ४ केली तर थेट ५६. म्हणून नवनवीन प्रकारची कामं आणून फारसा फरक पडत नाही आणि ‘कोणती विनंती आधी घ्यायची ते तू ठरव, अमुक मर्यादेपर्यंत मंजुरी तूच दे’ एवढ्याने पडतो. सूत्राच्या नेमक्या अंकांवर मतभेद आहेत, नुसती बेरीजही जवळपास तितकंच सांगते असं अनेकांचं म्हणणं आहे. तरी कुठे हात घालायचा हे शोधायला ते उत्तम आहे.

बोनस आकड्याला बांधला तर दोन गोष्टी होतील. सोप्या विनंत्या आधी उचलल्या जातील आणि अवघड तळाला साचतील. आणि रजेला दंड लागेल. महिन्यात २१ दिवस धरले तर ४० च्या गतीने ८४० होतात. बोनसची रेषा ८०० ला ठेवलीत, तर दहा दिवस रजा घेणाऱ्याचे ४४० च होणार. त्याने रजेच्या महिन्याचा बोनस सोडायचा किंवा रजा. तुमची रजा निम्मी राहण्यामागे असा एखादा जुना नियम आधीच नाही ना, हे तपासा. द्यायचाच असेल तर भागाकार हजर दिवसांनी करा, पूर्ण विभागाला मिळून द्या, आणि पुन्हा उघडलेल्या विनंत्या वजा करून मोजा.

पगार रास्त नसेल तर आधी तो नीट करा, हे वेगळं सांगायला नको. तिथे अन्याय असेल तर बाकीचं कुणी ऐकून घेत नाही.

टेबल_बारा (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. तपासलं. महिन्याच्या बोनसची रेषा आहे आणि ती हजर दिवसांनी भागलेली नाही. दीड माणूस सध्या मिळणार नाही. मग क्रम काय लावू, आणि फरक पडला हे कशावरून ओळखू? लांबलचक प्रश्नावली कुणी भरणार नाही.

मनुष्यबळ_गणित

पहिल्या आठवड्यात बोनसचा भागाकार बदला आणि रजा कपातीच्या निकषात धरत नसल्याचं लेखी पत्र लावा. खर्च जवळपास नाही. दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात हस्तांतराचं पान, पर्यायी अधिकार आणि मोठ्या रजांचा तक्ता. आवक ५८ ने उतरवायचं काम त्याच्याबरोबरीने सुरू करा, त्याला दोन-तीन महिने लागतील. तोवर कुणालाही ‘सगळी रजा संपवा’ म्हणू नका. आवक उतरण्याआधी रजा वाढवलीत तर हजर असलेल्यांवर माणशी ४५ चा भार पडेल आणि सगळा दोष रजेच्या माथी येईल. साठलेली रजा पुढच्या दीड वर्षात पसरा, ती या मार्चमध्ये किंवा त्या डिसेंबरमध्ये रद्द होणार असेल तर मुदत वाढवून घ्या.

मोजायला चार गोष्टी पुरतात. परतलेल्या माणसाच्या नावावर पहिल्या सकाळी किती विनंत्या पडून आहेत. रजेत त्याला किती फोन गेले. १४ दिवसांत पुन्हा उघडलेल्या विनंत्या. आणि एकच प्रश्न, परतल्यावर तिसऱ्या, दहाव्या आणि एकविसाव्या दिवशी: ‘आज सकाळी कामाला बसताना अंगात किती जोर होता, ० ते १०?’ उत्तर चिठ्ठीवर, नाव न घालता, फक्त कितवा दिवस ते लिहून.

रजेचा_अभ्यास

त्यात एक भर. हाच प्रश्न रजेच्या दोन आठवडे आधीही विचारा. रजेच्या आदल्या दिवशीचा आकडा पाया म्हणून धरू नका. त्या दिवशी माणूस एकतर आवराआवरीत दमलेला असतो किंवा जायच्या आनंदात असतो, आणि दोन्ही बाजूंनी तुलना बिघडते. बारा जणांची एकेक मोठी रजा होईपर्यंत निष्कर्ष काढायची घाई नको. तीन-चार चिठ्ठ्यांवरून वरिष्ठांनी बोनसची जुनी रेषा परत आणायचा आग्रह धरला तर त्यांना पहिल्या सकाळी पडून असलेल्या विनंत्यांचा आकडा दाखवा. तो १६० वरून ४० कडे सरकताना पहिल्या दोन रजांतच दिसायला हवा.